पायातल्या रॉडचा बॅच नंबर

“रॉड कुठल्या कंपनीचा आहे?”

डॉक्टरांनी विचारलं आणि आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. माझा चुलतभाऊ, वहिनी आणि मी. २०१६ मध्ये तासगावच्या रस्त्यावर भावाची मोटरसायकल घसरली, उजव्या पायाची नडगी मोडली आणि एका दवाखान्यात त्याच्या हाडात रॉड बसला. हाड चांगलं जुळलं. चार महिन्यांत तो काठी टाकून चालायला लागला. पण द्राक्षबागेतलं सगळं काम उभ्याने होत नाही. ठिबकच्या नळ्या तपासायच्या, बुंध्यातलं तण काढायचं, म्हणजे खाली बसणं आलंच. उकिडवं बसलं की गुडघ्याच्या वाटीखाली काहीतरी टोचायचं. तीन वर्षं त्याने ते सोसलं, मग दुसऱ्या गावच्या डॉक्टरांकडे आम्ही रॉड काढायला गेलो.

घरून आणलेलं कार्ड वहिनींनी पिशवीतून काढलं. त्यावर लिहिलं होतं, ‘उजवी टिबिया, इंटरलॉकिंग नेलिंग केले’. खाली सही आणि टाके काढायची तारीख. बिलावर इम्प्लांटची म्हणून एक रक्कम होती. कंपनीचं नाव कुठेच नव्हतं, माप नव्हतं, नंबर नव्हता. जुन्या दवाखान्यात फोन केला तर तेव्हाचे कागद आता सापडणार नाहीत, असं उत्तर आलं.

कंपनीचं नाव कशाला लागतं, असं वाचणाऱ्याला वाटेल. रॉड काढताना त्याच्या वरच्या टोकात एक बोल्ट पिळून बसवतात आणि त्याला धरून रॉड ओढून काढतात. त्या टोकातले आटे प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात. स्क्रूच्या डोक्यातली खाचही वेगळी असते, तिला लागणारा पाना वेगळा. डॉक्टरांनी डीलरला सांगितलं, डीलरचा माणूस तीन पेट्या घेऊन आला. पहिल्या दोन पेट्यांतला बोल्ट बसला नाही, तिसऱ्यातला बसला. पाऊण तासाचं काम अडीच तास चाललं आणि तेवढा वेळ भाऊ टेबलावर उघड्या जखमेने पडून होता.

रॉड आमच्या हातात आला तो गॉजमध्ये गुंडाळून. भाऊ म्हणाला, “दादा, तुझ्या लायनीतलं आहे हे. तूच ठेव.”

खरंच माझ्या लायनीतलं आहे. कुपवाडच्या एमआयडीसीत पंचवीस वर्षं मी टूलरूममध्ये काढली. रॉड मी टेबलावर घेतला, भिंगाखाली धरला. नऊ मिलिमीटर जाड, ३२० लांब, वरच्या बाजूला अलगद वाक दिलेला. पॉलिश उत्तम होतं. डोक्याजवळ लेझरने कोरलेली बारीक अक्षरं होती. मापं, बनवणाऱ्याची खूण आणि खाली लॉट नंबर. म्हणजे कारखान्याने त्याचं काम केलं होतं. कुठल्या सळईतून हा रॉड कापला, कुठल्या दिवशी, कुठल्या भट्टीचं पोलाद, हे सगळं त्या नंबराच्या मागे कुठल्या तरी रजिस्टरमध्ये असणार. तो नंबर आमच्याकडून परत घ्यायला मात्र कोणीच नव्हतं.

आमच्या टूलरूममधून पंपाचं एक साधं बुश गेलं तरी त्याच्यावर नंबर असतो. ते विदर्भातल्या कुणाच्या विहिरीवर फुटलं तर महिन्याभरात प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माझ्या टेबलावर येतं, सोबत रिजेक्शन नोट. कुठल्या बारचं, कुठल्या शिफ्टचं, का फुटलं, पुढे फुटू नये म्हणून काय केलं, हे मला सही करून लिहून द्यावं लागतं. पाणी उपसणाऱ्या बुशाला हा मान आहे. माणसाच्या हाडात बसलेल्या रॉडला नाही. या लेखात मला सांगायचं आहे ते एवढंच: हाडं जोडण्याच्या साधनांचा शोध कारखान्यात पुरा होत नाही. ते साधन ज्याच्या अंगात गेलं त्याचं पुढे काय झालं, हे लिहून ठेवणं हा त्या शोधाचाच भाग आहे. आपण खिळे (म्हणजे असेच रॉड) आणि पट्ट्या (म्हणजे प्लेटा) घडवायला शिकलो आणि हा भाग सोडून दिला.

हे मी इतिहास बघून म्हणतो आहे. १९३९ च्या नोव्हेंबरमध्ये जर्मनीतल्या कील बंदरात गेरहार्ड क्युंटशर या सर्जनने एका गोदी कामगाराच्या मांडीच्या हाडात पोलादी खिळा आतून ठोकला. हाड आतून पोकळ असतं, त्या पोकळीतून खिळा आरपार घातला की दोन्ही तुकडे एका रेषेत राहतात, असा साधा विचार. खिळा घडवायला त्यांच्या जोडीला अर्न्स्ट पोल नावाचे तंत्रज्ञ होते. माझ्यासारख्याला हे नाव सर्जनच्या नावाइतकंच मोठं वाटतं. पुढच्या वर्षी बर्लिनमध्ये क्युंटशरनी आपलं काम मांडलं तेव्हा हाडातला मगज नासेल, रुग्ण मरेल, असं म्हणत अनेकांनी विरोध केला. युद्ध संपताना जर्मनीतून सुटलेले युद्धकैदी मायदेशी पोचले आणि त्यांच्या मांडीच्या एक्स-रेत लांबच लांब खिळा पाहून तिथले डॉक्टर थक्क झाले. मोडलेली मांडी घेऊन महिनोन्‌महिने वजन लावून पडून राहण्याऐवजी ही माणसं चालत आली होती. या खिळ्याची सर्वांत मोठी जाहिरात झाली ती अशी, माणसं पुढे कशी चालतात ते बघून.

दुसरी गोष्ट स्वित्झर्लंडची. १९५८ च्या नोव्हेंबरमध्ये बील गावात तेरा सर्जन जमले. पुढारी होते मॉरिस म्युलर. त्यांनी जो गट काढला तो आज जगभर एओ या नावाने ओळखला जातो. पट्ट्या, स्क्रू, पाने, गिरमिटं, सगळ्यांचा एकमेकांत बसणारा संच त्यांनी घडवला. तो प्रत्यक्ष बनवला बेटलाख गावच्या रोबर्ट माथिस या यंत्रकाराने. पण त्या गटाची खरी ताकद मला वेगळ्या ठिकाणी दिसते. सभासदाने केलेल्या प्रत्येक ऑपरेशनची नोंद मध्यवर्ती कचेरीत पाठवायची, एक्स-रेसकट. आणि ऑपरेशनच्या वेळची एकच नोंद नव्हे, चार महिन्यांनी परत, वर्षाने परत. संगणक घरोघरी नव्हते तेव्हा छिद्रांच्या कार्डांवर हे चालायचं. पट्टी मोडली, गंजली तर ती फेकून न देता धातुशास्त्रज्ञांकडे जायची. श्ट्राउमान या संस्थेत तिची तपासणी व्हायची आणि पुढच्या पट्टीचं पोलाद बदलायचं. माझ्या टेबलावरची ती प्लॅस्टिकची पिशवी आणि रिजेक्शन नोट, तीच पद्धत. आणखी एक गोष्ट सांगायला हवी. आपल्या शोधांचे हक्क या संस्थापकांनी स्वतःच्या खिशात ठेवले नाहीत. एका सामाईक कंपनीकडे दिले आणि त्यातला पैसा संशोधनाला लावला.

धातू आणि हाड यांच्यात काय चालतं, हे समजल्याशिवाय ही नोंद इतकी का महत्त्वाची ते कळत नाही. खिळा किंवा पट्टी हाडापेक्षा कायमची बळकट असते, असा आपला समज असतो. तसं नाही. तार हातात धरून वाकवत राहिलं की एका क्षणी ती तुटते. धातूची थकण याहून वेगळी नसते. दिवसातून तीन हजार वेळा तो पाय जमिनीवर टेकला तर सहा महिन्यांत साडेपाच लाख वेळा रॉडवर भार येतो. त्याच्या आत हाड जुळलं तर भार हाड घेतं आणि रॉडची सुटका होते. हाड जुळलं नाही तर कितीही चांगला रॉड आज ना उद्या मोडतोच, बहुतेक वेळा स्क्रूच्या भोकापाशी, कारण तिथे धातू सर्वांत कमी असतो. म्हणजे मोडलेला रॉड हा एक पुरावा आहे. माल कमअस्सल होता का? हाडाच्या मानाने जाडी कमी पडली का? जंतुसंसर्ग झाला का? रुग्ण विडी ओढत होता का? त्याने लवकर पाय टेकला का, आणि टेकला असेल तर घरात दुसरं कमावणारं कोणी नव्हतं म्हणून का? एकट्या डॉक्टरला एका रुग्णावरून याचं उत्तर मिळत नाही. हजार रुग्ण शेजारी शेजारी मांडले की मिळतं.

सायबेरियातल्या कुर्गान शहरात गाव्रिल इलिझारोव यांनी १९५१ पासून हाडाभोवती गोल कड्या आणि ताणलेल्या तारा बसवायची पद्धत उभी केली. आपल्याकडे ‘इलिझारोवची रिंग’ म्हटलं की आज जिल्ह्याच्या गावातही लोकांना कळतं. असं सांगितलं जातं की एका रुग्णाने नट उलट्या बाजूला फिरवले, हाडाची टोकं दाबली जायच्या ऐवजी लांब गेली, आणि एक्स-रे काढला तर मधल्या फटीत नवं हाड धरलेलं दिसलं. दिवसाला एक मिलिमीटर, तोही चार वेळा पाव-पाव करून ताणलं तर हाड वाढतं, हे पुढचं सगळं शास्त्र. ती कथा अक्षरशः खरी असो वा नसो, त्या रुग्णाचा पुढचा एक्स-रे कोणी बघितलाच नसता तर नट उलटे फिरले एवढंच झालं असतं.

अलीकडचं उदाहरण आपल्याला जास्त जवळचं आहे. म्हाताऱ्या माणसांच्या खुब्याजवळचं हाड मोडतं, त्यासाठी युरोपात घडलेला एक खिळा आशियात वापरात आला. इथल्या लहान चणीच्या माणसांत त्याचा वरचा भाग हाडाच्या बाहेरच्या भिंतीला घासतो, असं डॉक्टरांनी नोंदवलं. मग कोन कमी करून आणि बाजू चपटी करून आशियाई हाडांसाठी त्याची दुसरी आवृत्ती निघाली. तक्रार कागदावर आली म्हणून खिळा बदलला. भावाच्या गुडघ्याखाली तीन वर्षं जे टोचत होतं ते कुठल्या कागदावर आलं?

ज्या उदाहरणामुळे मी हा लेख लिहायला बसलो, ते अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या रिचलंड गावचं आहे. लुईस झिर्कल हे तिथले सर्जन. व्हिएतनाम युद्धात त्यांनी लष्करी डॉक्टर म्हणून काम केलं. नंतर गरीब देशांत शिकवायला जात राहिले. इंडोनेशियात त्यांना मांडी मोडून तीन वर्षं खाटेवर पडलेला एक माणूस भेटला. तिथल्या डॉक्टरांना ऑपरेशन येत होतं, त्यांच्याकडे खिळा नव्हता. आणि खिळा असता तरी तो बसवायला सी-आर्म लागतो, म्हणजे ऑपरेशन चालू असताना पडद्यावर हाड दाखवणारं एक्स-रे यंत्र. तेही नव्हतं.

इथे अडचण नेमकी कुठे आहे ते सांगतो, कारण यंत्राच्या माणसाला हा भाग सर्वांत सुंदर वाटतो. रॉड हाडात गेल्यावर त्याच्या दोन्ही टोकांना आडवे स्क्रू घालून तो पक्का करावा लागतो, नाहीतर हाडाचे तुकडे त्याच्याभोवती फिरतात आणि पाय आखूडही होतो. वरच्या टोकाचं भोक सापडतं, ते हातात धरलेल्या मुठीच्या जवळ असतं. खालचं भोक तीस-चाळीस सेंटीमीटर दूर, हाडाच्या आत, मांसाच्या आड. शिवाय आत जाताना रॉड किंचित वाकतो, पिळतो. बाहेरून मोजून भोक मारायला गेलं की एक-दोन मिलिमीटरने चुकतं, आणि एवढं चुकलं तरी स्क्रू जात नाही. म्हणून सी-आर्म. झिर्कल आणि त्यांच्या कारखान्यातल्या लोकांनी भरीव पोलादाचा रॉड घेतला, त्याला बाहेरून समांतर चालणारा एक दांडा जोडला, आणि खालचं भोक चाचपून शोधायला एक हत्यार घडवलं. ते हाडात घालून हलवलं की रॉडच्या खाचेत शिरल्याचं हाताला कळतं. डोळ्यांचं काम हाताकडे दिलं. वीज गेली तरी हे ऑपरेशन पुरं होऊ शकतं.

१९९९ मध्ये त्यांनी साइन नावाची संस्था काढली. ती हे रॉड गरीब देशांतल्या इस्पितळांना फुकट देते. आजवर पन्नासहून अधिक देशांत तीन लाखांहून जास्त रुग्णांना त्याचा उपयोग झाला आहे. आता तिची अट ऐका. इस्पितळाने वापरलेल्या रॉडच्या बदल्यात नवा रॉड हवा असेल तर त्या रुग्णाची नोंद आणि एक्स-रे संस्थेच्या संगणकावर चढवायचे. नोंद आली की नवा रॉड निघतो. नोंदींवर रिचलंडहून उत्तरं येतात, सूचना येतात आणि रॉडची मापं, हत्यारं त्यातून सुधारतात.

रुग्ण परत आला आणि एक्स-रेला पैसे नसतील तर? तर त्याला उकिडवं बसायला सांगायचं आणि हसऱ्या चेहऱ्याचा फोटो काढायचा. पाय मोडलेला माणूस पूर्ण खाली बसू शकतो आणि त्याच्या चेहऱ्यावर कळ दिसत नाही, याचा अर्थ हाड बहुधा जुळलं आहे. या तपासणीचं नावच ‘बसा आणि हसा’ अशा अर्थाचं आहे. तिचा मी खूप विचार केला आहे. खुब्याच्या सांध्यासाठी जगभर वापरली जाणारी हॅरिस यांची १९६९ ची गुणपत्रिका आहे. तिच्यात बूट-मोजे घालता येतात का, जिना चढता येतो का, खुर्चीत किती वेळ बसता येतं, बस किंवा रेल्वेने जाता येतं का, हे विचारलेलं आहे. मांडी घालून बसता येतं का, हे नाही. त्यात त्यांची चूक नाही, त्यांनी त्यांच्या रुग्णांना विचारलं. आपल्या रुग्णाला जेवायला, पूजेला, शौचाला, भाताच्या खाचरात, चुलीपुढे खाली बसायचं असतं. त्याच्यासाठीचा प्रश्न आपण घडवायला हवा होता.

आपल्याकडे घडवणारे लोक नव्हते असं नाही. हाताच्या दोन हाडांसाठी वापरला जाणारा चौकोनी खिळा भारतभर ‘तळवलकर नेल’ म्हणून ओळखला जातो. मुंबईच्या डॉ. बी. बी. जोशी यांनी साध्या तारा आणि छोट्या पकडी यांतून बाहेरून आधार देणारी जी रचना केली, ती ‘जेस’ या नावाने हाताच्या मोडीपासून मुलांच्या वाकड्या पावलांपर्यंत वापरली जाते. दोन्ही साधनं स्वस्त आहेत, साध्या हत्यारांनी बसतात, आणि आपल्या रुग्णांकडे वर्षानुवर्षं पाहणाऱ्या माणसांच्या हातून आली आहेत. आज देशात प्लेटा आणि रॉड बनवणारे कारखाने भरपूर आहेत. बरेचसे परदेशी नमुना समोर ठेवून काम करतात. मी स्वतः नमुना बघून जॉब केलेले आहेत, त्यात शिकायला खूप मिळतं. पण नमुन्यातून वाक किती अंशाचा ते कळतं, तो तेवढाच का ठेवला ते कळत नाही. ‘का’ हे त्या मूळ कारखान्याच्या नोंदवहीत असतं.

आपली सार्वजनिक चर्चा फिरते ती किमतीभोवती. फेब्रुवारी २०१७ मध्ये हृदयाच्या स्टेंटची कमाल किंमत सरकारने ठरवली, ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याची. त्याने हजारो कुटुंबांचं कर्ज वाचलं आणि मला तो निर्णय मनापासून योग्य वाटतो. मोडलेल्या हाडांच्या रॉडला आणि प्लेटांना त्या आदेशांनी हात लावला नाही. त्यामुळे ऑपरेशनच्या आदल्या रात्री कॉरिडॉरमध्ये नातेवाइकांना प्रश्न येतो: स्टील की टायटॅनियम? इथला की इम्पोर्टेड? घाबरलेला माणूस महाग ते चांगलं समजून मान हलवतो. टायटॅनियमची मिश्रधातू पोलादाच्या जवळजवळ निम्मी ताठ असते, म्हणून हाडाला थोडा जास्त भार घेऊ देते, हे खरं आहे. तिचे स्क्रू प्लेटमध्ये असे घट्ट अडकून बसतात की काढताना डोकं झिजतं, हेही खरं आहे. नडगीच्या साध्या मोडीत इथल्या कारखान्याचा पोलादी रॉड आणि तिप्पट किमतीचा परदेशी रॉड यांच्यात रुग्णाच्या दृष्टीने काय फरक पडतो, याचं उत्तर आपल्या रुग्णांच्या नोंदींतूनच मिळेल. त्या असत्या तर आपल्या चांगल्या कारखान्यांचाच सर्वांत मोठा फायदा झाला असता. आज त्यांच्या हातात दाखवायला प्रमाणपत्र आहे, निकाल नाही.

नोंद नसल्याची किंमत आपण एकदा मोजली आहे. डीप्यू कंपनीचा एएसआर हा खुब्याचा कृत्रिम सांधा ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत मागवला गेला. धातूवर धातू घासून त्याचे कण रक्तात जात होते. जगभरात सुमारे ९३,००० रुग्णांच्या अंगात तो होता. ऑस्ट्रेलियात सांध्यांची राष्ट्रीय नोंदवही १९९९ पासून चालू आहे. हा सांधा इतरांपेक्षा लवकर निकामी होतो हे तिथे आकड्यांत दिसलं आणि तो तिथून आधीच मागे घेतला गेला. भारतात तो सुमारे ४,७०० ऑपरेशनांत वापरला गेला होता. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने पाठपुरावा केला, केंद्राने समिती नेमली, भरपाईचं सूत्र ठरलं. पण २०१८ मध्येही साडेतीन हजारांहून अधिक रुग्णांचा ठावठिकाणा नव्हता. भरपाई द्यायची तयारी झाली तेव्हा द्यायची कोणाला ते माहीत नव्हतं. मोटारीत दोष निघाला तर चेसिस नंबरवरून मालकाच्या घरी पत्र येतं.

सांध्यांचं ऑपरेशन निदान ठरवून, सवडीने होतं. मोडलेलं हाड रात्री दोनला येतं. २०२२ या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली आणि ४,४३,३६६ जखमी झाली, ही सरकारी आकडेवारी आहे. त्यातल्या कितींच्या हाडात धातू बसला आणि त्यांचं पुढे काय झालं, हे सांगणारा आकडा त्यात नाही. स्वीडनने २०११ पासून मोडलेल्या हाडांचीही राष्ट्रीय नोंदवही ठेवली आहे. स्वीडन श्रीमंत आहे, छोटा आहे, हे मला माहीत आहे. म्हणून मी झिर्कल यांचं उदाहरण दिलं. त्यांच्या नोंदी श्रीमंत देशांतून आलेल्या नाहीत.

महाराष्ट्रात सुरुवात करायला जागा तयार आहे. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली जीवनदायी योजना आज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून राज्यभर चालते. तिच्यात हाडांची ऑपरेशनं होतात. इस्पितळाला पैसे मिळण्यासाठी ऑपरेशनच्या आधीचा आणि नंतरचा एक्स-रे पोर्टलवर चढवावाच लागतो. म्हणजे अर्धी नोंदवही आपण आधीच लिहितो आहोत, फक्त ती बिलासाठी लिहितो आणि बिल निघालं की मिटतो. त्याच पानावर रॉडची कंपनी, माप आणि लॉट नंबर घ्यावा. रक्कम देताना थोडा भाग मागे ठेवावा आणि सहा महिन्यांनंतरचा एक्स-रे किंवा खाली बसलेल्या रुग्णाचा फोटो आला की तो सोडावा. साइनची अट हीच आहे, रॉडच्या जागी रुपये. आणि रुग्णाच्या हातातल्या कार्डावर त्या तीन गोष्टी मराठीत छापाव्यात.

एका डॉक्टर मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, “अरे, ओपीडीला दीडशे माणसं उभी असतात. फॉर्म भरू की प्लास्टर घालू?” त्याचं बरोबर आहे. म्हणून हे काम डॉक्टरच्या डोक्यावर टाकू नये. योजनेच्या प्रत्येक इस्पितळात आरोग्यमित्र बसलेला असतो, कागद तोच बघतो. रॉड-प्लेटा आपल्याकडे बऱ्याचदा निर्जंतुक पाकिटात येत नाहीत, ट्रेमध्ये मांडून येतात आणि इस्पितळात वाफेवर निर्जंतुक करून वापरल्या जातात. त्यामुळे पाकिटावरचं स्टिकर फाडून चिकटवण्याची सोय नसते. मग वापरण्याआधी कोरलेल्या नंबराचा मोबाइलवर फोटो काढावा. दहा सेकंदांचं काम आहे.

ऊस तोडायला गेलेला बीडचा माणूस सहा महिन्यांनी परत दाखवायला येणार नाही, असंही मित्र म्हणाला. येणार नाहीच. तो कोल्हापूरच्या फडात असेल. पण त्याच्याकडे किंवा मुकादमाकडे फोन असतो, गावात आशाताई असतात, आणि फोटोला अंतराची अडचण नाही. सगळे सापडणार नाहीत. दहातले सहा सापडले तरी आज शून्य आहेत.

सर्वांत खरी भीती तिसरी आहे, आणि ती मित्राने जरा खालच्या आवाजात सांगितली. उद्या हीच नोंद घेऊन लोक आमच्यावर केसेस करतील. टूलरूममध्ये मी हे पाहिलं आहे. प्रत्येक रिजेक्शनला कामगाराचा पगार कापायला लागलं की खराब जॉब टेबलाखाली लपायला लागतात आणि दोष कायमचा राहतो. माझ्या साहेबांनी पहिल्या वर्षी एक नियम केला होता: जो स्वतः आणून दाखवेल त्याला दंड नाही. त्या वर्षी खराब जॉबचा आकडा तिपटीने वाढला आणि पुढच्या वर्षी निम्म्याने उतरला. या नोंदवहीला असंच कायद्याचं संरक्षण द्यावं लागेल. त्यातले आकडे एका डॉक्टरला शिक्षा द्यायला वापरायचे नाहीत, कुठला रॉड कुठे आणि का मोडतो हे शोधायला वापरायचे. बेपर्वाईने केलेल्या उपचाराविरुद्ध दाद मागायचे आजचे मार्ग रुग्णाला खुले राहतीलच.

एका जिल्ह्यापासून, एका हाडापासून सुरू करा असं माझं म्हणणं आहे. नडगी घ्या. मोटरसायकलवरच्या माणसाचं हे हाड कातडीच्या लगेच खाली असतं, वारंवार मोडतं, उघडं पडतं, जुळायला वेळ घेतं. एका वर्षाच्या नडग्या सांगलीत किंवा बीडमध्ये नीट लिहून काढल्या तर कुठल्या मापाचे रॉड आपल्याला खरंच लागतात, गुडघ्याखाली किती जणांना टोचतं, वरच्या टोकाचा आकार बदलायला हवा का, हे आपल्या कारखान्यांना पहिल्यांदा कळेल. तो बदल करायला लागणारी यंत्रं कुपवाड, भोसरी, चाकणला आज उभी आहेत आणि चालवणारे हातही. ड्रॉइंगवर काय बदलायचं, तेवढं त्यांना कोणीतरी सांगायला हवं.

रॉड निघाल्यावर सहा महिन्यांनी वहिनींनी भावाचा एक फोटो पाठवला. बागेत दोन ओळींच्या मध्ये तो उकिडवा बसला आहे, हातात ठिबकची नळी, तोंडभर हसू. मी तो ठेवला आहे. रॉड माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. त्याचा लॉट नंबर मी वहीत उतरवून घेतला, शेवटचे दोन आकडे सोडून. ते रॉड काढताना खरवडले गेले.